जिन्यातले चोर

ज्या इमारतीच्या जिन्याला एकही खिडकी नसते, त्या इमारतीतील माणसे एकमेकांना चेहऱ्यापेक्षा खोकल्यावरून अधिक ओळखतात. भर दुपारी वीज गेली, की या चार मजली इमारतीच्या जिन्यात शाईसारखा अंधार दाटे. मग खालून कुणी खाकरे, वरून कुणी विचारी, "कोण, सेक्रेटरी का? भिंतीकडून या हो, मी कठड्याकडून उतरतेय!" आणि दोन सभ्य माणसे परस्परांच्या पिशव्या, छत्र्या आणि कोपरे चुकवीत, श्वास रोखून, शेजारून निघून जात. अंधारात न धडकणे हीच त्या इमारतीत शेजारधर्माची मुख्य कसोटी होती.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तरुणाला सारी इमारत 'धाकटा' म्हणे. त्याचा थोरला भाऊ समुद्रापलीकडे मोठमोठे पूल बांधीत असे. धाकटा पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रार विभागात, नळाला पाणी न येणाऱ्या लोकांची समजूत काढण्याच्या कामावर होता. दोघांचे वडील वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभे आयुष्य दुकानांतले तराजू तपासण्यात आणि खोटी वजने जप्त करण्यात गेल्यामुळे त्यांना शब्दही तोलून देण्याची सवय जडली होती. सवलत फक्त थोरल्यापुरती होती. घरी कुणी परका माणूस आला, की थोरल्याविषयीचे त्यांचे वाक्य ऐसपैस सुरू होई. त्यात पदवी येई, हुद्दा येई, पुलाखालच्या नदीची रुंदी येई, आणि पाहुण्याचा चहा निवून गेला तरी पूर्णविराम येत नसे. मग ते धाकट्याकडे मान वळवीत, किंचित थांबत, आणि म्हणत, "आणि हा... हा इथंच."

त्या तीन टिंबांत धाकट्याचे सारे तारुण्य गेले होते. जगाकडून त्याला फार काही नको होते. वडिलांनी परक्या माणसासमोर आपल्याविषयी एक, फक्त एकच, धड वाक्य बोलावे. त्याला कर्ता असावा, कर्म असावे, क्रियापद असावे. एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती.

आता वडिलांच्या विजेरीविषयी सांगणे भाग आहे. विजेरी पिवळी पडू लागली, की ते आधी तिला तळहातावर आपटीत. मग पुढचा सेल मागे आणि मागचा पुढे घालीत. मग दोन्ही सेल खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात वाळत टाकीत. शेवटी दारे लावून, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, सेल दाताखाली हलकेच दाबून पाहत. एवढ्यावरही विजेरीने दाद दिली नाही, तर ते म्हणत, "गेला." तो शब्द ते अशा काही गांभीर्याने उच्चारीत, की ऐकणाऱ्याने उठून उभे राहावे. मग सेल पत्र्याच्या डब्यात पडे आणि त्याविषयी घरात पुन्हा बोलणे निघत नसे.

धाकट्याला मात्र त्या 'गेला'विषयी शंका होती, आणि ती शंका थेट तक्रार विभागातून आलेली होती. वरच्या मजल्यावरची बाई रोज येऊन सांगे, टाकी रिकामी आहे. टाकी रिकामी नसे. टाकीत पाणी असे, फक्त दाब कमी झालेला असे. तळमजल्याला धार लागे आणि वरच्या मजल्याचा नळ नुसता उसासे टाकी. सेलचेही असेच नसेल कशावरून? दिव्याला हवा तेवढा दाब देता येईना, म्हणून आपण त्याला मेलेला म्हणतो. पण आत अजून पुष्कळ उरलेले असेल तर?

त्यापुढची गोष्टही त्याला नळानेच शिकवली होती. वाहता नळ एकदम बंद केला, की पाइपात धप्पकन आवाज होतो; त्या एका क्षणात पाण्याचा दाब मूळच्या दाबाच्या कितीतरी वर उडी घेतो. विजेलाही असाच धक्का देता येतो, हे त्याने कुठेतरी वाचले. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहू द्यायची, चटकन अडवायची, पुन्हा वाहू द्यायची, पुन्हा अडवायची. डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने. प्रत्येक धक्क्याला दाब उसळतो, आणि जो सेल साधा दिवा लावू शकत नाही, तो एलईडी लावतो. सामान काय, तर वीज सोडणारा-अडवणारा एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, आणि फुटक्या बल्बातून काढलेल्या काळ्या कडीवर जोडीने गुंडाळलेल्या दोन तारा.

जेवणाच्या टेबलावर तारा गुंडाळताना त्याने दोन बोटे भाजून घेतली आणि बायकोचा इस्त्रीचा कपडा जाळला. अखेर वडिलांच्या डब्यातला, रीतसर 'गेला' म्हणून घोषित झालेला सेल त्याने जोडला, आणि दिवा लागला. तो उजेड थकलेला होता, पण उजेड होता. टाकून दिलेल्या वस्तूने आत उरलेले शेवटचे काही सांगू पाहावे, आणि ते ऐकायला नेमके आपणच जवळ असावे, तसे त्याला वाटले. त्याचा गळा दाटून आला. सर्किट करताना गळा दाटून येणारा माणूस तांत्रिक क्षेत्रात मागे का पडतो, याचा उलगडा वाचकांना येथे व्हावा.

"बाबा, बघा. तुम्ही परवा टाकलेला सेल."

वडिलांनी चष्मा लावला. "जिवंत केलास?"

"जिवंत नाही केला. जिवंत होत नाही तो. आत होतं थोडं, ते काढून घेतोय."

"काय म्हणतात याला?"

येथे खोटे बोलला असता, तर पुढचा अनर्थ टळला असता. पण तो प्रामाणिक होता. "ज्यूल चोर. ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप, आणि..."

"चोर?" वडिलांनी चष्मा काढला. "मी जन्मभर मापातले चोर पकडले, आणि तू माझ्याच टेबलावर चोर तयार केलास?"

"बाबा, निदान घरीच केला," आतून सूनबाई म्हणाल्या. "बाहेरून नाही आणला. आणि माझा इस्त्रीचा कपडा कुणी चोरला तेही विचारा त्यांना."

धाकट्याने तो दिवा मुकाट्याने आपल्या दाराबाहेर टांगला. दुसऱ्याच दुपारी वीज गेली, आणि इमारतीला प्रथमच कळले, की जिन्याच्या भिंती हिरव्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर दिव्याखाली थांबून सेक्रेटरींना म्हणाल्या, "अगबाई, तुमचे केस एवढे पांढरे आहेत होय!" त्यांनीच पहिला सल्लाही दिला: याच सेलवर पंखा फिरतो का ते पाहा. सेक्रेटरींनी दुसरा दिला: दिवा टांगण्यापूर्वी अर्ज करायला हवा होता, तर आता मागील तारखेचा अर्ज करा, म्हणजे त्यावर पुढील तारखेला विचार करता येईल. सेक्रेटरी हे निवृत्त टंकलेखक होते. त्यांना भाषेत काटकसर आवडे.

समितीची बैठक झाली. अध्यक्षांचे तयार कपड्यांचे दुकान होते, आणि पहिल्या मजल्यावरची त्यांची एक जागा भाड्याने द्यायची पडून होती. उजेड असलेल्या जिन्याला भाडे जास्त येते, हे त्यांना लगेच दिसले. ठराव सेक्रेटरींनी टंकलिखित करून फलकावर लावला: 'प्रत्येक मजल्यावर एक याप्रमाणे चोर बसविण्यास ही सभा एकमताने मंजुरी देत आहे. चोरांची देखभाल दुसऱ्या मजल्यावरील धाकट्यांनी करावी.' त्याखाली सूचना होती: 'ज्यांच्या घरी मेलेले असतील, त्यांनी ते घरात न ठेवता जिन्याखालील डब्यात आणून टाकावेत व झाकण लावावे.'

"अहो, यात 'सेल' हा शब्दच नाही," धाकटा कळवळून म्हणाला.

"वर विषयात आहे की. विषय, दोन बिंदू, सेल. विषयात आलेला शब्द मजकुरात पुन्हा आणू नये."

नेमकी त्या विषयाच्या ओळीवर कुणीतरी 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना चिकटवली होती. ती धाकट्याच्याच कार्यालयातून आलेली होती, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार तरी त्याने कोणाकडे करावी?

अध्यक्षांची जागा पाहायला एक जोडपे आले. दोघांनी फलक वाचला, पुन्हा वाचला. तेवढ्यात काकू उतरत होत्या. गृहस्थांनी खालच्या आवाजात विचारले, "इथे चोरांचा त्रास आहे का हो?"

"छे, त्रास कसला!" काकू म्हणाल्या. "रीतसर मंजूर झालेत. प्रत्येक मजल्यावर एक. आमचा जरा मंद आहे, पण धाकटे येऊन बघून जातात."

"आणि ते... मेलेले?"

"ते बघा ना, डबा भरत आलाय. लोक फार उत्साहाने आणतात."

जोडप्याने जागा पाहिली नाही. जाताना त्यांनी पावले न वाजवण्याची काळजी घेतली.

त्या दिवसापासून अध्यक्षांचा चेहरा फिरला. धाकट्याचे नावही फिरले, जिन्यातून हाक येऊ लागली, "चोरवाले आहेत का घरात?" तक्रार विभागात इतरांच्या तक्रारी ऐकून तो घरी येई आणि उंबऱ्यात त्याची स्वतःची तक्रार उभी असे.

पहिली अध्यक्षांची होती. आपल्या मजल्यावर मेलेल्यांचा उजेड नको, या मानी विचाराने त्यांनी चोरात नवेकोरे, महागडे सेल घातले होते. दिवा झगझगला आणि अल्पावधीतच विझला. "हेच सेल माझ्या घड्याळात वर्षभर जातात! तुमचा चोर खातो की काय?"

"काका, दाब वाढतो तो फुकट नाही वाढत," धाकटा म्हणाला. "वर दाब चढवायचा तर खालून जास्त ओढावं लागतं, आणि वाटेत थोडं सांडतं. नव्या सेलला याची गरजच नाही. हा फक्त थकलेल्यांसाठी आहे."

"म्हणजे मी थकलेला आहे?"

दुसरी सेक्रेटरींची. त्यांनी दाढीच्या यंत्राचा, चार्जिंगचा सेल घातला होता. चोराने तो तळापर्यंत पिळला, आणि चार्जिंगचा सेल तळापर्यंत पिळला की तो पुन्हा उठत नाही. सेक्रेटरी अर्धी दाढी घेऊन दारात उभे होते. उरलेला अर्धा गाल हा त्यांचा पुरावा होता. तिसरी तक्रार भिंतीची. अखेरपर्यंत राबवलेले सेल गळू लागले होते, आणि तिसऱ्या मजल्याच्या हिरव्या भिंतीवर पांढरी पूड ओघळली होती. काकूंनी ती साबण समजून बादलीभर पाण्याने धुतली आणि चोरही धुतला.

चौथी तक्रार सर्वांची मिळून होती. चोर मंद होत जातो, आणि तो लागला आहे की विझला आहे, यावर जिन्यात वाद होतात. अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला एकसारखा उजेड पाहिजे. पहिल्या दिवशी जेवढा, शेवटच्या दिवशी तेवढा."

नाही म्हणणे धाकट्याला कधी जमले नव्हते. त्याने नवे, सुधारलेले चोर तयार केले. सेल जसजसा थके, तसतसा सुधारलेला चोर त्याला अधिक जोराने ओढी आणि उजेड तितकाच ठेवी. इमारत खूश झाली. वडील मात्र आताशा खिडकीत दोन दिवे शेजारी ठेवून बसू लागले होते. एक साधा, एक जिन्याखालच्या डब्यातून उचललेला, काढून टाकलेला जुना चोर. कधी सेल काढीत, कधी घालीत, कधी नुसते पाहत. वडील आपली चेष्टा करीत आहेत, असे समजून धाकटा त्या खोलीत जाणे टाळू लागला.

आणि एका दुपारी वीज गेलेली असताना, काकू बटाट्यांची पिशवी घेऊन दोन मजल्यांच्या मधोमध आल्या, तेव्हा सुधारलेला चोर कोणतीही पूर्वसूचना न देता गेला. मंद नाही, पिवळा नाही. होता आणि नव्हता. काकू होत्या तेथेच पायरीवर बसल्या, पिशवी सुटली, आणि बटाटे एकामागून एक, प्रत्येक पायरीला आवाज देत, तळमजल्याच्या दिशेने निघाले.

"अहो चोरवाले!" काकूंचा टाहो घुमला. "तुमचा चोर मेला हो! मी इथंच बसलेय! कुणी हलू नका, बटाटे खाली येताहेत!"

सगळे हलले. अध्यक्ष सर्वांत आधी हलले आणि सर्वांत आधी बटाट्यावर पाय देऊन बसले. कुणाला फारसे लागले नाही. पण कपड्याच्या व्यापाऱ्याची नवी विजार गुडघ्यावर फाटली, आणि काही जखमा वैद्याच्या आवाक्यातल्या नसतात.

रविवारी सकाळी वाहनतळावर विशेष सभा भरली. विषय एकच: चोर काढून टाकणे. अध्यक्ष फाटक्या गुडघ्याची विजार मुद्दाम घालून आले होते. धाकटा एका खांबामागे उभा होता. दिवे निघाले तर निघोत. पण ते निघताना वडील समोरच्या खुर्चीत बसलेले असणार, हे त्याला सहन होत नव्हते. यापुढे 'हा इथंच' एवढेही ते म्हणतील की नाही, कोण जाणे.

"कुणाला काही बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारले.

वडील उठले. "मी तपासणी केली आहे," ते म्हणाले.

निवृत्त निरीक्षकाच्या आवाजात अजून दुकानांचे तराजू थांबविण्याची ताकद होती.

"नवा सेल चोरात घातला, तर साध्या दिव्यापेक्षा लवकर संपतो. अध्यक्ष, तुमचे नवे सेल चोराने खाल्ले, हे खरं आहे."

"ऐका!" अध्यक्ष म्हणाले.

"पण ते त्याला खायला घातले कोणी?" थोडे हसू फुटले, वडिलांनी ते नजरेने जप्त केले. "आता मेलेला सेल घ्या. साध्या दिव्यात उजेड, शून्य. चोरात घातला, तर जिना दिसतो, आणि पुष्कळ दिवस दिसतो. मी रोज बघितलंय. चार्जिंगचा सेल यात घालायचा नसतो. सेक्रेटरींनी ते विचारलं नाही, त्यांची चूक. संपत आलेला सेल गळतो, तो वेळेवर काढायचा असतो. याने काढला नाही, याची चूक." खांबामागे धाकट्याने मान खाली घातली. "आणि तो एकसारख्या उजेडाचा चोर तुम्ही मागितलात, ती सगळ्यांची चूक. शेवटपर्यंत जो थकलेला दिसत नाही, त्याच्या भरवशावर जिना कसा उतरायचा? पहिला चोर मंद होत होत सांगतो, की बाबांनो, सेल बदला. तो तुम्ही हाकललात."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "आमचा मंद होता, पण सांगून जायचा."

"म्हणजे ठेवायचे की काढायचे?" अध्यक्ष गोंधळून म्हणाले.

"सुधारलेले काढा. जुने लावा. त्यांचं माप खरं आहे."

एवढे बोलून ते बसले. सेक्रेटरींनी तेथल्या तेथे लिहून घेतले आणि वाचून दाखवले: "तपासाअंती जुने चोर निर्दोष ठरले असून त्यांना सन्मानाने जिन्यात परत घ्यावे." सभेने हात वर केले. अध्यक्षांनीही केला, कारण चहा आला होता.

'माप खरं आहे' हे शब्द वडिलांनी नोकरीत किती दुकानदारांना ऐकवले असतील, याचा हिशेब धाकट्याने मनोमन केला, आणि तो फारच थोडा भरला. तरी त्याच्या मनातली हुरहुर पुरती शमली नाही. जे वाक्य मिळाले, ते चोराविषयी होते.

जुने चोर पुन्हा टांगले गेले. काही दिवसांनी, वीज गेलेल्या एका दुपारी, अध्यक्षांची जागा पाहायला नुकतेच बदली होऊन आलेले एक बँकेतले गृहस्थ आले. अध्यक्ष दुकानात होते, म्हणून किल्ली वडिलांकडे होती. धाकटा त्या दिवशी रजेवर होता; दारामागे उभा राहून पायात चप्पल सरकवीत होता, तेव्हा बाहेर दोघांची पावले थांबली.

"छान उजेड आहे हो जिन्यात," गृहस्थ म्हणाले. "कोणी केलंय हे?"

धाकट्याने चप्पल हातात घेतली. आत भाजी चिरणारी त्याची बायको सुरीसकट येऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"हे माझ्या धाकट्या मुलानं केलंय," वडिलांचा आवाज आला, आणि थांबला नाही. "पाणीपुरवठ्यात असतो, तिथं लोकांच्या तक्रारी तोच सोडवतो, आणि त्यानं नळाच्या धक्क्यावरून ओळखलं, की विजेचाही दाब असा चढवता येतो, मग त्यानं स्वतःच्या हातानं तारा गुंडाळल्या, बोटं भाजली तरी सोडलं नाही, त्यात एक बारीकसा ट्रान्समीटर बसवला, आणि आता आम्ही टाकून दिलेले, पार मेलेले सेल तो पुन्हा जिवंत करतो, आणि या मजल्यापासून त्या मजल्यापर्यंत एकही माणूस अंधारात धडकत नाही, आणि मी स्वतः तपासलंय ते."

"अहो, ट्रान्झिस्टर ना तो?" बायको कानाशी कुजबुजली. "आणि जिवंत होत नाही म्हणून तुम्हीच सगळ्यांशी भांडत होता ना?"

वाक्यात दोन चुका होत्या. एरवी कुणाच्याही तोंडची तसली चूक ऐकली, की हा भिडस्त माणूस जिना चढून दुरुस्त करायला जाई. आज तो हातात चप्पल धरून, ताठ उभा राहून, बंद दाराकडे पाहत राहिला.

"असू दे," तो म्हणाला. "बरोबर आहे ते."